आधी पाणी, मग मासा

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिकांच्या मांडणीशेजारी एक काचेची पेटी आहे. तिच्यात करंगळीच्या पेराएवढा एक मासा राहतो. गेल्या वर्षभरात ही पेटी बहुतेकांनी पाहिली आहे आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "हा फुगतो कधी?" काहींनी तर विचारण्याचेही कष्ट न घेता काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. त्यांचा राग धरावा असे मला वाटत नाही. कारण दीड वर्षापूर्वी मीही तेच केले होते. शिवाय त्या वेळी मी जे केले, त्यापायी दोन मासे प्राणास मुकले. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

दुसरेही एक कारण आहे. पुढच्या वर्षी माझी पदवी पूर्ण होईल. हा मासा नीट सांभाळला तर चार-पाच वर्षे जगतो. म्हणजे मी इथून जाईन तेव्हा तो इथेच असेल. तेव्हा त्याची व्यवस्था कशी लावली आहे आणि ती तशीच का लावावी लागते, हे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे.

हा मासा कोण?

फुगणारा मासा कोकणात कोणाला नवा नाही. आमच्या किनाऱ्यावर त्याला केंड म्हणतात. माझे वडील मासेमारी करतात. जाळ्यात केंड आला की तो खायच्या कामाचा नाही, विकायच्या नाही, वर जाळे कुरतडतो. म्हणून त्याला शिव्या देऊन परत पाण्यात फेकतात. फुग्या माशांच्या पुष्कळ जातींच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. त्यावर उतारा नाही. त्यामुळे 'केंड खायचा नाही' ही शिकवण आम्हाला शाळेच्या आधी मिळते.

ग्रंथालयातला मासा याच कुळातला, पण गोड्या पाण्यातला आहे. इंग्रजीत त्याला 'पी पफर' म्हणतात, म्हणजे वाटाण्याएवढा फुग्या. म्हणून मी त्याचे नाव 'वाटाणा' ठेवले. शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी त्रावणकोर संस्थानातील पंबा नदीतल्या माशांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नावातला त्रावणकोर तिथून आला. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्या व संथ पाणथळ जागा हे त्याचे घर. म्हणजे सह्याद्रीच्याच पाण्यातला, परंतु जगात अन्यत्र निसर्गतः कोठेही न आढळणारा हा मासा आहे. पूर्ण वाढ झाली तरी त्याची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही.

या कुळाच्या नावाचा अर्थ 'चार दातांचा' असा आहे. वरचे दोन आणि खालचे दोन दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे तोंड बनते. पोटाखालचे पर नाहीत, बरगड्या नाहीत, इतर माशांसारखे खवले नाहीत. डोळे मात्र असे की एक पुढे पाहतो तेव्हा दुसरा मागे पाहू शकतो. आपण पेटीसमोर बसलो की तोही काचेजवळ येऊन आपल्याकडे पाहतो.

पहिली चूक

प्रथम वर्षाला असताना युवक महोत्सवासाठी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. तिथल्या एका दुकानात हे मासे प्रथम पाहिले. आपला केंड इतका चिमुकला होऊन काचेत पोहतो आहे, याचेच मला इतके नवल वाटले की मी पुढचा-मागचा विचार न करता दोन मासे घेतले. सोबत काचेचा एक गोल वाडगा, कोरड्या खाद्याची पुडी आणि 'पाण्यात चिमूटभर मीठ टाका' हा सल्ला घेऊन वसतिगृहावर आले.

वाडग्यात नळाचे पाणी भरले, मीठ टाकले, मासे सोडले. ते फुगावेत म्हणून काचेवर बोटे वाजवली. मैत्रिणींनाही बोलावून दाखवले. माशांनी कोरड्या खाद्याला तोंडही लावले नाही. ते तळाशी कुजत राहिले. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झाले, म्हणून मी सगळेच्या सगळे ओतून थेट नळाचे नवे पाणी भरले. सहाव्या दिवशी एक मासा मेला, नवव्या दिवशी दुसरा.

मासे मरणे ही आमच्या घरात रोजची गोष्ट आहे; आई डोक्यावर टोपली घेऊन तेच तर विकते. तरीही त्या दिवशी मी जेवले नाही. समुद्रातला मासा आम्ही पोटासाठी मारतो. हे दोन मी कशासाठी मारले, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

पुढे ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम 'कमवा आणि शिका' योजनेतून मला मिळाले. तिथे मत्स्यपालनावरची दोन पुस्तके हाती लागली. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका बाईंनी माझ्या शंका शांतपणे ऐकून घेतल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तू मासे आणलेस, पण पाणी कुठे तयार केले होतेस?" या एका वाक्यात सारे आले. पाणी म्हणजे नळ सोडला की मिळणारी वस्तू, अशीच माझी समजूत होती.

पाणी तयार करणे म्हणजे काय?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. वाडग्यात मात्र साठत जातो आणि माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात यावर तोड आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. परंतु दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असते. काही वनस्पती शोषून घेतात आणि उरलेले आठवड्याचे पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते वाळूवर, दगडांवर आणि मुख्यतः गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे घातले त्याच दिवशी खाता येत नाही, ते मुरावे लागते. पाण्याचेही तसेच आहे.

नळाच्या पाण्याचे आणखी एक संकट म्हणजे क्लोरीन. आपल्याला रोगजंतूंपासून वाचवणारा हा वायू माशांचे कल्ले आणि उपयोगी जिवाणू दोहोंचाही नाश करतो. साधा क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस पाणी ठेवले की बराचसा उडून जातो. क्लोरामाइन असेल तर तो उडत नाही. त्यासाठी क्लोरीननाशक थेंब वापरावे लागतात. आपण पेटीसाठी महाविद्यालयाच्या विहिरीचे पाणी वापरतो. मात्र पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. तेव्हा पाणी काढण्यापूर्वी शिपाईकाकांना विचारण्यास विसरू नये.

आणि मीठ? खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या काही फुग्या जाती बाजारात मिळतात. त्यांना मीठ लागते. आपला वाटाणा पूर्णपणे गोड्या पाण्यातला आहे. त्याला मिठाची गरज नाही. मासा कोणत्या पाण्यातला हे न विचारता सर्वांना एकच सल्ला लागू करणे, हे खाडीतल्या माणसाला घाटावर आणि घाटावरच्याला खाडीत नेऊन बसवण्यासारखे आहे.

पेटीची उभारणी

ग्रंथपाल सरांनी एक जुने शिसवी टेबल आणि ती जागा दिली. या जागेवर थेट ऊन येत नाही, म्हणून पाणी तापत नाही आणि शेवाळही माजत नाही. पेटी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. बाजारातल्या काचवाल्याकडून पाच मिलिमीटर जाडीची काच कापून घेतली आणि सिलिकॉनने सांधली. सिलिकॉन साधे घ्यावे. बुरशीनाशक मिसळलेले माशांना घातक असते. दोन दिवस वाळवून, मग पाणी भरून एक दिवस गळते का ते पाहिले. वाळू व वरची रिकामी जागा सोडता तीत सुमारे ३२ लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि पाणी मिळून वजन पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणून डळमळते टेबल चालत नाही. खाली थर्मोकोलचा पातळ पत्रा घातला आहे, म्हणजे टेबलाचा उंचसखलपणा काचेला भोवत नाही.

तळाशी धुतलेल्या नदीच्या वाळूचा तीन सेंटिमीटरचा थर आहे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी मुद्दाम निवडली. हा मासा हळू पोहणारा आहे. जोराच्या प्रवाहात तो दमतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगला आहे. खाली असता तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरले असते. वनस्पतींत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि जावा मॉस आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. हा मासा उघड्यावर घाबरतो. लपायला झुडूप असले तरच तो निर्धास्तपणे बाहेर येतो. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश असले की त्याला मानवते, त्यामुळे आपल्याकडे तापक लागला नाही. घाटावर थंडीत लागेल.

खर्च म्हणाल तर काच आणि सिलिकॉन ७५० रुपये, पंप, नळी व गाळणी ४५०, दिवा ३००, पाणी तपासण्याचा संच ९०० आणि मासा १५०, असे एकूण २,५५० रुपये झाले. ग्रंथालयातल्या कामाचे पैसे जमतील तशी एकेक वस्तू घेतली. सर्वांत महाग वस्तू तपासणीचा संच आहे हे पाहून मैत्रिणी हसल्या. परंतु पेटीतली सर्वांत गरजेची वस्तूही तीच आहे.

एक्केचाळीस दिवस

पेटी भरली आणि तीत मासा न सोडता मी कोलंबीचा एक तुकडा टाकला. तो कुजला की अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. पहिला आठवडा वास असा सुटला की शिपाईकाकांनी "ग्रंथालय आहे की मासळीबाजार?" म्हणून विचारले. पेटीवर काच झाकून वेळ निभावली.

दर दोन दिवसांनी मी पाण्यात थेंब टाकून रंग पाही आणि वहीत लिही. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढला, नंतर नायट्राइट दिसू लागले आणि मग आकडे जागच्या जागी अडकून बसले. बाईंना वही दाखवली. त्यांनी पाण्याची आम्लता तपासायला सांगितली. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मृदू आणि आम्लधर्मी असते. फार आम्ल पाण्यात हे जिवाणू मंदावतात. उपाय माझ्या घराच्या दारातच पडलेला होता. रविवारी गावी जाऊन किनाऱ्यावरचे मूठभर रिकामे शिंपले आणले, उकळून, स्वच्छ धुऊन पेटीत ठेवले. शिंपल्यातला चुना आम्ल पाण्यात सावकाश विरघळतो आणि आम्लता कमी करतो. आठवड्याभरात आकडे हलले. एक्केचाळिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तेवढ्या आनंदाने मी माझा प्रथम सत्राचा निकालही पाहिला नव्हता.

वाचकहो, रिकाम्या पेटीकडे एक्केचाळीस दिवस पाहत बसणे सोपे नव्हते. "मासा कधी आणणार?" असे सगळे विचारत. पण मला ते दिवस आवडू लागले होते. माझ्या घरातून माझ्याआधी कोणी महाविद्यालयात आले नव्हते. पहिले कित्येक आठवडे मी वर्गात तोंड उघडत नसे. आपण इथे टिकू असे वाटत नव्हते. मग ग्रंथालयात काम मिळाले, बसायची एक जागा ठरली, दोन माणसे नावाने हाक मारू लागली, आणि हळूहळू बोलता येऊ लागले. नव्या जागी जीव रुजण्यास केवळ त्याची धडपड पुरत नाही, हे मला त्या पेटीसमोर पटले.

वाटाण्याचे आगमन आणि आहार

दुसऱ्यांदा मासा आणताना मी एक अट पाळली. हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी त्याला नद्यांतून मोठ्या प्रमाणावर पकडतात. आपल्या टेबलाची शोभा वाढावी म्हणून केरळातली नदी रिकामी व्हावी, हे मनाला पटेना. चौकशी करता घरच्या पेटीत या माशांची पैदास करणारे एक हौशी गृहस्थ कोल्हापूरजवळ सापडले. त्यांच्याकडून हा एकच मासा घेतला. तो नर आहे. पोटाखालची गडद रेघ आणि डोळ्यामागच्या सुरकुत्या ही नराची खूण. तो दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो आणि दोन नर असले तर आपापसांत भांडतो. म्हणून ३२ लिटरमध्ये त्याला एकट्यालाच ठेवला आहे. त्याला सोबत हवी म्हणून कृपा करून कोणी गप्पी मासे आणून सोडू नयेत.

कोरडे खाद्य हा मासा बहुधा खातच नाही. त्याला हलणारी शिकार लागते. छोट्या पाणगोगलगाई हे त्याचे आवडते अन्न; त्याचे दात आयुष्यभर वाढतात, आणि शंख फोडताना ते झिजतात. शेतातली गोगलगाय थेट टाकू नये, तिच्याबरोबर रोग येतात. म्हणून बरणीत वेगळी पैदास ठेवली आहे. दुसरे अन्न डासांच्या अळ्या. त्यांच्यासाठी ग्रंथालयामागे ठेवलेली बादली पाहून शिपाईकाका पुन्हा संतापले, आणि या वेळी त्यांचेच बरोबर होते. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो. तेव्हा बादलीत अंडी दिसताच तिच्यावर बारीक कापड बांधायचे आणि पाचव्या दिवशी ती पूर्ण रिकामी करायची, असा नियम आम्ही दोघांनी मिळून केला. तो एकदाही मोडलेला नाही.

गेल्या जुलैत वादळी पावसाने वीज गेली ती एकोणीस तास आली नाही. गाळणी बंद पडली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि स्पंजातले जिवाणूही गुदमरतात. मी वसतिगृहात अडकले होते. सकाळी धावत आले तर काका पेटीशेजारी स्टुलावर बसून होते. रात्रभर तासा-तासाने मगाने पाणी वर काढून हळूच पुन्हा पेटीत ओतत होते. "तूच म्हणालीस ना, पाणी हलते ठेवायचे," एवढेच ते बोलले.

तो फुगतो का?

आता त्या प्रश्नाकडे वळते. होय, तो फुगतो. पण हौसेने नाही. शत्रू अंगावर आला आणि पळायला वाट उरली नाही, की तो भराभर पाणी गिळून पोट ताणतो, म्हणजे शत्रूला तो गिळता येत नाही. बरगड्या नसल्यामुळेच हे साधते. त्याचे फुगणे ही त्याची भीती आहे. तशा वेळी तो पाण्याबाहेर असेल तर हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकता आली नाही तर मरतोही. म्हणून त्याला जाळीने कधी पकडू नये. पाण्यासकट पेल्यात घ्यावा. वर्षभरात वाटाणा एकदाच फुगला, तोही माझ्या चुकीने, पेटी साफ करताना जाळी वापरली म्हणून. तो चेंडूसारखा उलटा तरंगताना मी पाहिला आहे. पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. तो फुगत नाही, हीच पेटी नीट चालल्याची खूण आहे.

दिवाळीनंतर वडील माझ्या शुल्काच्या कामासाठी महाविद्यालयात आले होते. ग्रंथालयाची पायरी ते प्रथमच चढले. पेटीसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "ह्यो केंडच मां?" मी होय म्हटले. वाटाणा काचेजवळ येऊन त्यांच्याकडे पाहू लागला. वडील म्हणाले, "जाळ्यात गावलो की फेकून देवचो. ह्यो असो बघता, ह्या माका म्हायत नाय होता."

पुढे येणाऱ्यासाठी

रोज थोडेच अन्न द्यावे आणि उरलेले काढावे. आठवड्यातून एकदा आठ लिटर पाणी नळीने ओढून बदलावे; सगळे पाणी एकदम कधीच बदलू नये. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धरू नये, नाहीतर एक्केचाळीस दिवसांची वस्ती एका मिनिटात मरेल. अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असावे. मे महिन्याच्या सुटीत कोणीतरी दर आठवड्याला आलेच पाहिजे. गेल्या वर्षी मी गावाहून एस.टी.ने येत होते. काही झाले तरी हा मासा आपल्या ओढ्यात वा नदीत सोडू नये. ते पाणी त्याचे नाही. आणि काचेवर टिचकी मारू नये.

माझी वही ग्रंथपाल सरांच्या टेबलाच्या खणात आहे. येत्या जूनपासून हे काम शिकून घेण्यास प्रथम वर्षाचे कोणी तयार असेल, तर त्यांनी मला दुपारी तीननंतर ग्रंथालयात भेटावे. माशांची माहिती असण्याची अट नाही. सुरुवातीला मलाही नव्हती.